बीपी नॉर्मल, तरी थकवा का जात नाही?

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. प्रवासात नेट गेल्यामुळे ज्यांचं अर्धंच ऐकून झालं, किंवा ज्यांना त्यातले आकडे परत निवांत बघायचे आहेत, त्यांच्यासाठी.

आजचा प्रश्न असा: "माझं बीपी कायम लो असतं आणि मी कायम थकलेला असतो. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे का?"

आपल्याकडे या प्रश्नाची दोन तयार उत्तरं मिळतात. घरात आजी म्हणते, "बीपी लो झालं असेल, मीठ-साखरेचं पाणी पी." दवाखान्यात डॉक्टर म्हणतात, "बीपी लो आहे ते चांगलंच आहे, तरुण आहात, हार्ट अटॅकचा धोका कमी." गंमत म्हणजे दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण महिनोन्महिने थकलेल्या माणसाला दोन्ही उत्तरं पुरत नाहीत.

सुरुवातीलाच सांगतो, मी बीटेक केलेला सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नाही. आज जे सांगणार आहे ते डॉक्टरांकडे जाऊन नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून. त्यांच्याकडे जायचं टाळता यावं म्हणून नाही.

आणि आजच्या एपिसोडचं सार एका वाक्यात हवं असेल तर ते हे: खुर्चीत बसून मोजलेलं बीपी या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही. उत्तर मिळतं ते माणूस उभा राहिल्यावर.

आधी तो आकडा समजून घेऊ

बीपीचे दोन आकडे असतात. १२०/८० मधला १२० म्हणजे हृदय आकुंचन पावताना रक्तवाहिन्यांत असलेला दाब, वरचा दाब. ८० म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये, हृदय सैल असताना राहणारा दाब, खालचा दाब. साधारणपणे ९०/६० च्या खाली गेलं की त्याला लो बीपी म्हणतात.

पण ही ९०/६० ची रेघ हाय बीपीच्या रेघेसारखी नाही. हाय बीपी वर्षानुवर्षं राहिलं तर हृदय, मेंदू, मूत्रपिंड खराब होतात, हे पक्कं माहीत आहे. लो बीपीचं तसं नाही. बारीक अंगकाठीच्या मुली, नियमित पळणारे लोक यांच्यापैकी कितीतरी जणांचं बीपी ९५/६० च्या आसपास असतं आणि ते मजेत असतात. सिंहगड चढतात, खाली येऊन पिठलं-भाकरी खातात, काहीही होत नाही.

यावर देशादेशांतही मतभेद राहिले आहेत. जर्मनीत लो बीपी हा आजार समजून त्यावर औषधं देण्याची जुनी पद्धत होती. ब्रिटनमधले डॉक्टर याची थट्टा करायचे. मग १९९० साली ब्रिटनमध्येच सर्वसामान्य लोकसंख्येवर केलेला एक अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. ज्यांचा वरचा दाब कमी होता, त्यांच्यात थकव्याची तक्रार जास्त दिसत होती. म्हणजे संबंध काहीतरी होता. पण लो बीपीमुळे थकवा येतो, की दोन्हींच्या मागे तिसरंच काही असतं, हे अशा अभ्यासातून कळत नाही.

उभं राहणं ही साधी गोष्ट नाही

आता एक करून बघा. आत्ता बसला असाल तर उभे राहा.

तुम्ही उभे राहिलात त्या काही सेकंदांत अर्धा लिटरच्या वर रक्त छातीतून खाली सरकलं. पोटात, मांड्यांत, पोटऱ्यांत. गुरुत्वाकर्षण कुणालाच सोडत नाही. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी झालं, म्हणजे पुढच्या ठोक्याला बाहेर ढकलायला रक्त कमी. आणि मेंदू आता सगळ्यात वर आहे, त्याला रक्त चढवून द्यायचं आहे.

तरी तुम्हाला काही जाणवलं नाही. कारण मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत दाब मोजणारे सेन्सर असतात. दाब थोडा जरी उतरला तरी ते मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला कळवतात. तिथून लगेच हुकूम सुटतात. हृदयाला सांगितलं जातं, ठोके वाढव. पायांतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्यांना सांगितलं जातं, आवळून धरा. चालायला लागलात की पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखं रक्त वर ढकलतात. हे सगळं आपल्याला न विचारता जी यंत्रणा करते, तिला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. पहाटे तीनला सर्व्हर तपासला तर सगळं हिरवंच दिसतं, कारण तेव्हा त्याच्यावर कुणी नसतं. तो खरा कसा आहे हे कळतं दिवाळी सेलच्या दिवशी. खुर्चीत बसून मोजलेलं बीपी म्हणजे पहाटे तीनचं रीडिंग. शरीरावरचा लोड म्हणजे उभं राहणं, आणि तेही नुसतं उभं राहणं, चालणं नव्हे. कारण चालताना पोटऱ्या मदत करतात, रांगेत उभं असताना करत नाहीत.

ही यंत्रणा कुठे कुठे चुकते?

ढोबळमानाने तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला प्रकार: उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने उतरतो. रक्तवाहिन्या वेळेवर आवळल्या जात नाहीत. वयस्कर माणसांत, डायबेटिस जुना असेल तर, किंवा बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे हे जास्त दिसतं. आजोबा रात्री बाथरूमला उठतात आणि पडतात, त्यामागे बऱ्याचदा हे असतं.

दुसरा प्रकार: सुरुवातीला सगळं ठीक असतं. दहा, वीस, तीस मिनिटं उभं राहिल्यावर अचानक यंत्रणा उलटाच हुकूम सोडते. हृदय मंदावतं, रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी धाडकन खाली येतं. शाळेत पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या वेळी उन्हात उभं राहून एखादं पोर कोसळायचं, आठवतंय? तेच हे. एकदा झालं तर फार काही नाही. पण काही लोकांच्यात ही घसरण वरचेवर होते. कोसळत नाहीत, पण डोकं जड होणं, मळमळ, घाम, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटणं असं चालू राहतं.

तिसरा प्रकार: बीपी फारसं उतरतच नाही, पण ते टिकवून धरायला हृदयाला प्रचंड पळावं लागतं. उभं राहिल्यावर दहा मिनिटांत ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त वाढतात. १२ ते १९ वयात ही मर्यादा ४० धरतात. त्रास निदान तीन महिने चालू असेल तर याला पॉट्स म्हणतात. तरुण मुलींमध्ये हे जास्त दिसतं. अनेकदा एखाद्या व्हायरल आजारानंतर सुरू होतं. कोविडनंतर तर जगभर याच्या केसेस वाढलेल्या दिसल्या.

तिसऱ्या प्रकारात एक घोळ होतो. छाती धडधडते, हात थरथरतात, श्वास लागतो. बघणाऱ्याला वाटतं, पॅनिक अटॅक आहे, टेन्शन घेतंय पोर. फरक ओळखायची एक साधी खूण आहे. आडवं झाल्यावर काही मिनिटांत धडधड शांत होते का? आणि ती मनात काही विचार आल्यावर सुरू होते, की उभं राहिल्यावर? ही खूण म्हणजे निदान नव्हे, पण डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट नक्कीच आहे.

घरातलं एक उदाहरण

माझी मावसबहीण बी.फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय १९. तिला विचारूनच हे सांगतोय. दीड वर्षापूर्वी तिला डेंग्यू झाला. प्लेटलेट सावरल्या, ताप गेला, डिस्चार्ज मिळाला. सगळे म्हणाले, सुटलीस. पण थकवा गेला नाही. एक महिना, दोन महिने, पाच महिने.

तिचं वर्णन ऐका: "दादा, झोपून राहिले की मी बरी असते. केस धुऊन बाहेर आले की बसावं लागतं. प्रॅक्टिकलला तीन तास उभं राहायचं असतं, अर्ध्या तासानंतर मॅडम काय बोलतात ते कळत नाही. शब्द ऐकू येतात, पण अर्थ लागत नाही."

हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली. कॉलेजने कळवलं, असंच चाललं तर टर्म ग्रँट होणार नाही. घरी काका म्हणाले, मोबाईल कमी कर. शेजारच्या काकू म्हणाल्या, लग्नाचं वय झालं की असं होतं. दवाखान्यात बीपी घेतलं तर १०८/७०. एकदम नॉर्मल. त्या कागदाने तिची बाजूच काढून घेतली. कारण रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मुलगी आळशी, असा सरळ हिशोब घरात झाला.

मावशीने मात्र हट्टाने सगळ्या तपासण्या करून घेतल्या. हिमोग्लोबिन १०.८ निघालं. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्यावर १२.४ झालं. थकवा थोडा हटला, पण उभं राहिल्यावरचा त्रास तसाच. मग एका फिजिशियननी तिला आडवं झोपवलं, बीपी घेतलं, भिंतीला टेकून दहा मिनिटं उभं केलं आणि परत घेतलं. झोपून १०८/७०, नाडी ७२. उभं राहून दहाव्या मिनिटाला १०२/७४, नाडी ११४. पाय घोट्यापर्यंत जांभळट झालेले.

बघा, बीपी जवळजवळ तेवढंच आहे. पण तेवढं टिकवायला हृदय मिनिटाला ४२ ठोके जास्त मारत होतं. बसून मोजलेल्या आकड्यात यातलं काहीही दिसलं नसतं.

दीर्घ थकव्याचा आजार म्हणजे नेमकं काय?

थकवा सगळ्यांनाच येतो. रिलीजच्या आठवड्यात मलाही येतो, रविवारी झोप काढली की जातो. आपण बोलतोय ते वेगळं आहे. याला एमई/सीएफएस म्हणतात, क्रॉनिक फटीग सिंड्रोम हे त्याचं जास्त ओळखीचं नाव.

२०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने याच्या निदानासाठी सोपे निकष मांडले. सहा महिन्यांहून जास्त काळ असा थकवा, की पूर्वीसारखं काम, शिक्षण, घर जमत नाही आणि विश्रांतीने तो जात नाही. थोडेसे जास्त श्रम झाले की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तब्येत आणखी ढासळते. झोप होऊनही ताजंतवानं वाटत नाही. या तीन गोष्टी हव्यातच. आणि पुढच्या दोनपैकी निदान एक: विचार करताना, लक्षात ठेवताना अडखळणं, किंवा उभं राहिल्यावर त्रास वाढणं.

म्हणजे उभं राहण्याचा त्रास हा या आजाराच्या व्याख्येतच आहे. पण तिथे 'लो बीपी' असं लिहिलेलं नाही. 'उभं राहणं सहन न होणं' असं लिहिलंय. हा फरक महत्त्वाचा आहे आणि तो शिकायला वैद्यकशास्त्राला बरीच वर्षं लागली. ती गोष्टही ऐकण्यासारखी आहे.

१९९५ ची आशा, २००१ चा धडा

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पीटर रो नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे कायम थकलेली किशोरवयीन मुलं यायची. त्यांना आणि हृदयरोगतज्ज्ञ ह्यू काल्किन्स यांच्या गटाला शंका आली, की यांचं बीपी उभं राहिल्यावर घसरत असेल. त्यांनी टिल्ट टेबल वापरलं. हे एक पलंगासारखं टेबल असतं. माणसाला त्यावर पट्ट्यांनी बांधतात आणि टेबल ७० अंशांत उभं करतात. पाय हलवता येत नसल्यामुळे पोटऱ्यांची मदत मिळत नाही, यंत्रणा उघडी पडते.

१९९५ साली 'जामा' या नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला. क्रॉनिक फटीगच्या २३ रुग्णांपैकी २२ जणांची प्रतिक्रिया असाधारण निघाली. तुलनेसाठी घेतलेल्या १४ निरोगी लोकांत असे ४ च होते. बीपी सांभाळायचे उपचार दिल्यावर ९ रुग्णांनी सांगितलं, त्रास पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेला.

तेव्हाच्या रुग्णांना काय वाटलं असेल, कल्पना करा. वर्षानुवर्षं "सगळं तुझ्या मनात आहे" ऐकलेल्या लोकांना कुणीतरी पहिल्यांदाच मोजता येणारी गोष्ट दाखवली होती.

पण त्या ९ जणांच्या बाबतीत एक अडचण होती. त्यांना उपचार कोणता दिलाय हे त्यांना माहीत होतं, डॉक्टरांनाही माहीत होतं. तुलनेसाठी खोटी गोळी घेणारा गट नव्हता. म्हणून त्याच गटाने पुढे स्वतःचीच कल्पना कसाला लावली. क्रॉनिक फटीग आणि बीपी घसरणं हे दोन्ही असलेले १०० रुग्ण घेतले. अर्ध्यांना फ्लुड्रोकॉर्टिसोन, म्हणजे शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवणारी गोळी. अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. कुणाला कोणती मिळाली हे झाकलेलं. नऊ आठवडे.

२००१ साली निकाल आला. खरी गोळी घेणाऱ्यांत १४ टक्के लोकांना ठरवलेल्या मोजपट्टीवर लक्षणीय फरक पडला, खोटी घेणाऱ्यांत १० टक्के लोकांना. म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. एकटी ती गोळी उपयोगाची नाही, हे त्यांनी स्वतःच छापलं.

मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. आपला सिद्धांत आपणच नीट तपासायचा, आणि निकाल विरोधात गेला तरी तो लपवायचा नाही. पण यातून "संबंधच नाही" असा अर्थ काढू नका. अर्थ एवढाच, की बीपीचा आकडा वर ढकलला म्हणजे आजार बरा झाला असं होत नाही. बीपी हा या गुंत्याचा एक धागा आहे, अख्खा गुंता नाही.

मग मेंदूलाच विचारलं तर?

पुढचा टप्पा २०२० चा. नेदरलँड्समधल्या एका क्लिनिकच्या संशोधकांनी, पीटर रो यांच्यासोबतच, वेगळी गोष्ट मोजली. दंडातलं बीपी न बघता त्यांनी मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांमधलं रक्त डॉप्लरने मोजलं, आधी झोपून आणि मग टिल्ट टेबलवर.

४२९ रुग्ण होते. निरोगी लोकांत उभं केल्यावर मेंदूचा रक्तपुरवठा सरासरी ७ टक्क्यांनी घटला. रुग्णांत सरासरी २६ टक्क्यांनी. आणि खरी बातमी पुढे आहे. ज्या रुग्णांचं बीपी आणि नाडी दोन्ही टेस्टमध्ये नॉर्मल दिसत होती, त्यांच्यातही ही घट २४ टक्के होती.

आता मावसबहिणीचं वाक्य परत वाचा: "शब्द ऐकू येतात, पण अर्थ लागत नाही." मेंदूला मिळणारं रक्त पाव हिस्सा कमी झालं तर तुम्हाला-मला काय समजेल? हा अभ्यास एका क्लिनिकमधला आहे आणि यातून कारण सिद्ध होत नाही. पण "बीपी नॉर्मल आहे, म्हणजे उभं राहिल्यावर तुला काही होत नाही" हे विधान आता कुणी ठामपणे करू नये, इतकं यातून नक्की कळतं.

भिंतीजवळची दहा मिनिटं

टिल्ट टेबल मोठ्या शहरांतल्या मोजक्या हॉस्पिटलांत मिळतं. पण याची एक साधी आवृत्ती आहे, नासा लीन टेस्ट. तिला लागतं काय? दंडाला बांधायचं ऑटोमॅटिक बीपी मशीन, घड्याळ, भिंत आणि सोबतीला एक माणूस.

आधी दहा मिनिटं शांत आडवं पडायचं. शेवटी बीपी आणि नाडी दोनदा घ्यायची. मग उठून भिंतीला पाठ टेकवून उभं राहायचं, टाचा भिंतीपासून साधारण १५ सेंटीमीटर पुढे. पाय हलवायचे नाहीत, गप्पा मारायच्या नाहीत. दर मिनिटाला बीपी आणि नाडी लिहायची, समोर काय वाटतंय तेही लिहायचं. दहा मिनिटं झाली की संपलं.

तीन अटी पाळा. एकट्याने करायचं नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखलं की लगेच आडवं व्हायचं, आकडे पूर्ण करायचा हट्ट धरायचा नाही. आणि पूर्वी बेशुद्ध पडला असाल, हृदयाचा आजार असेल, वय जास्त असेल किंवा गरोदर असाल, तर घरी करायचंच नाही, दवाखान्यात करायचं. चालू असलेली कोणतीही गोळी या टेस्टसाठी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

स्मार्टवॉच नाडी बरी दाखवतं, पण बीपीसाठी त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

हा तक्ता हातात घेऊन डॉक्टरांकडे जा. "मला थकवा येतो" या वाक्याला उत्तर देणं कठीण असतं. "झोपून नाडी ७२, उभं राहून ११४" या वाक्याकडे दुर्लक्ष करणं कठीण असतं.

आधी बाकीचं तपासून घ्या

हा एपिसोड ऐकून लगेच "मला पॉट्स आहे" असं ठरवू नका. आपल्याकडे थकव्याचं सगळ्यात नेहमीचं कारण फार साधं असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी-१२, साखर, मूत्रपिंड आणि लिव्हरच्या तपासण्या आधी व्हायला हव्यात. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं, नैराश्य, चालू असलेल्या गोळ्या हेही बघायला हवं.

एक कारण दुर्मीळ आहे, पण ते चुकवून चालत नाही. थकवा आणि लो बीपी यांच्यासोबत वजन उतरतंय, त्वचा काळवंडतेय, विशेषतः तळहाताच्या रेषा आणि हिरड्या, आणि खारट खायची सारखी इच्छा होतेय, तर ॲड्रिनल ग्रंथी कमी काम करत असतील. याला ॲडिसन्स डिसीज म्हणतात. हा जिवावर बेतू शकतो आणि यावर चांगला उपचार आहे. म्हणून ही लक्षणं असतील तर नुसत्या मीठ-साखरेच्या पाण्यावर राहू नका.

छातीत दुखत असेल, व्यायाम करताना शुद्ध हरपत असेल, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, काळी शी होत असेल, तर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

काय केल्याने बरं वाटतं?

सकाळी पलंगावरून उठण्याआधी दोन ग्लास पाणी, म्हणजे साधारण अर्धा लिटर, पटपट प्यायचं. याने काही मिनिटांत फरक पडतो. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून एक मिनिट बसायचं, मग उभं राहायचं.

रांगेत, बसमध्ये, आरतीला उभं राहावं लागलं तर पाय एकमेकांवर तिरके घेऊन मांड्या आवळा, टाचा वर-खाली करा. पोटऱ्यांचा पंप चालू ठेवायचा. ओट्यापाशी भाजी चिरताना उंच स्टूल घ्या. अंघोळ कोमट पाण्याने आणि बसून. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणूनच केस धुतल्यावर गरगरतं.

एकदम भरपेट जेवण्याऐवजी थोडं थोडं खा, कारण जड जेवणानंतर रक्त पोटाकडे वळतं. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी निर्जळी उपवास टाळावा. एकादशीला पाणी प्यायलं म्हणून विठोबा रागावणार नाही.

मिठाबद्दल नीट ऐका. आजीचं मीठ-साखरेचं पाणी शास्त्राला धरूनच आहे, कारण मीठ पाण्याला रक्तात धरून ठेवतं. पण जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. जास्त मिठाचा सल्ला फक्त ज्यांची उभं राहण्याची टेस्ट झाली आहे आणि ज्यांना हाय बीपी, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नाही त्यांच्यासाठी, आणि तोही डॉक्टरांनी किती ते सांगितल्यावर. पोटापर्यंत येणारे घट्ट कम्प्रेशन स्टॉकिंग्ज काहींना उपयोगी पडतात. औषधंही आहेत, पण ती मेडिकलवाल्याला विचारून घ्यायची नाहीत.

व्यायामाबद्दल खास सांगतो, कारण इथे नुकसान होतं. "जिम लाव, स्टॅमिना वाढेल" हा सल्ला सरसकट चालत नाही. नुसतं पॉट्स असेल तर झोपून किंवा बसून करायचे व्यायाम हळूहळू वाढवल्याने फायदा होतो. पण श्रमानंतर दोन-दोन दिवस आडवं पडावं लागत असेल, तर आधी ती मर्यादा ओळखून तिच्या आत राहायला शिकायचं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत एमई/सीएफएसच्या रुग्णांना ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत देऊ नये असं स्पष्ट सांगितलं. आधी हीच पद्धत तिथे सुचवली जायची.

शेवटी घरच्यांसाठी

मावसबहीण पूर्ण बरी झालेली नाही. पाणी, मीठ, स्टॉकिंग्ज आणि एक गोळी असं चालू आहे. डॉक्टरांचं पत्र दिल्यावर कॉलेजने प्रॅक्टिकलला स्टूल दिलं आणि टर्म वाचली. आठवड्यातले चार-पाच दिवस ती कॉलेजला जाते, एखादा दिवस पडून असते. त्या दिवशी आता घरात कुणी मोबाईलवरून बोलत नाही. मला विचाराल तर गोळीइतकाच फरक त्याने पडला.

म्हणून हा एपिसोड ज्याला थकवा आहे त्याच्यापेक्षा त्याच्या घरच्यांना पाठवा. तुमच्या घरातलं कुणी आडवं पडल्यावर बरं असतं आणि उभं राहिलं की कोमेजतं, असं दिसत असेल तर त्याला आळशी म्हणायच्या आधी एवढंच विचारा: याचं बीपी आणि नाडी उभं राहून कुणी मोजली आहे का?

तुमच्याकडे भिंतीजवळच्या दहा मिनिटांचे आकडे असतील तर ते मला नाही, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. प्रश्न मात्र मला जरूर पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत पाणी प्या, आणि बसून ऐका!